बांधाचा मान

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या आश्विनात उधाणानं उरणच्या खाडीवरचा बांध फुटला आणि निसवलेल्या भातात खारं पाणी शिरलं. ओहोटी लागली की अख्खा गाव बांधाला पडलेली खांड बुजवायला उतरायचा, आणि भरती आली की ती पुन्हा फुटायची. शेवटी म्हातारे म्हणाले, आधी समुद्राला नारळ द्या, मग माती टाका.

नारळाचा मान काशीच्या घराचा. तो ती अशी मिरवायची, जसा काही समुद्र तिच्या सासऱ्यानंच खणला होता.

तिचा चुलत दीर कोंडाजी आडवा आला. "का म्हणून तुमचा? भावकीतली थोरली पाती आमची हाय."

"भावजी, थोरलेपण मिश्यांनी येत न्हाय," काशी म्हणाली. "रावजी भाट गावातच हाय. त्याच्या वहीत आपल्या साऱ्या पिढ्या हायत. होऊ दे एकदाचा निकाल."

घाटावरनं दर काही वर्षांनी येणारा हा भाट सकाळीच तिच्याकडं जेवला होता. बांधावर चटई टाकून त्यानं वही उघडली. "मूळपुरुष भागोजी. त्याला दोन मुलगे, धर्माजी नि सोमा. काशीमायची पाती धर्माजीची, कोंडाजीची सोमाची. धर्माजीला लेक रंगू."

काशीची मान ताठ झाली. भाटाच्या वहीत लेकीबाळी कोण लिहितं? "ऐकलंत भावजी? आमच्या घरात लेकीचंबी नाव लागतं. तुमच्यात बायकांचीबी धड लागत न्हाईत!"

लोक हसले. भाट मात्र पुढं वाचेना.

"का रं, दातखीळ बसली? जेवलास ना पोटभर? मोठ्यानं वाच."

"माय, नको."

"वाच म्हन्ते ना!"

भाटानं मान खाली घातली. "रंगू, कुवार. उधाणात खांड बुजेना, तवा बापानं लेक बांधाला दिली. वर माती टाकली. बांध ऱ्हायला. म्हनून गावानं नारळाचा मान धर्माजीच्या घराला दिला."

खाली खांडीतनं पाणी खळखळत होतं. मग मागनं कुणीतरी हलकेच म्हणालं, "तरीच नुसती माती ऱ्हात न्हाय."

"मान काय नुसत्या नारळाचा असतो?" म्हातारी वेणूबाई पुटपुटली.

काशीनं लोकांकडं पाहिलं. लोक तिच्याकडं बघतच नव्हते. चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन तिची नात जनी उभी होती, नऊ वर्षांची; सगळ्यांची नजर तिच्यावर होती. आता सरकार आहे, पोलीस आहेत, असं आता कुणी करत नाही, हे तिला कळत होतं. पण भात प्रत्येकाचं बुडत होतं, आणि एवढ्या गर्दीत पोरीचा पाय घसरला असं म्हणायला किती वेळ लागतो?

तिनं नारळ उचलून कोंडाजीपुढं धरला. "घ्या भावजी. मान तुमचा. माझ्या घरानं सोडला."

कोंडाजीनं दोन्ही हात पाठीमागं नेले. त्याच्याही घरात लेकी होत्या. "न्हाय वैनी. तो तुमचाच हाय. आत्ताच वाचलं की."

तिनं दुसऱ्यापुढं धरला, तिसऱ्यापुढं धरला. जो तो मागं सरकला.

नारळ चटईवर टाकून तिनं जनीची पाटी ओढून फेकली आणि तिचं मनगट धरलं. खाली खांडीत तिचा मुलगा दादू, जनीचा बाप, कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

"दादू, वर ये! गाडी जुंप. पोरीला मामाकडं न्यायची."

"आये, भरती लागंल आता. खांड..."

"खांड गेली मसणात! वर ये म्हन्ते!"

"आजे, हात दुखतो," जनी कळवळली.

काशीनं पकड सोडली नाही. चिंचोळ्या बांधावरनं ती पोरीला आपल्या पुढं घालून चालू लागली, पोरीच्या आणि गावाच्या मधे स्वतःला ठेवून. मागं वळून बघायचा तिला धीर झाला नाही. मागं फावडी पुन्हा चालू झाल्याचा, लोक पोरीला सोडून मातीकडं वळल्याचा आवाज येतोय का, एवढंच ती कान देऊन ऐकत होती. आवाज येत नव्हता.