कावळ्याची साक्ष

धाराशिवकडल्या वाशीच्या बाजारात राजेश्वरीच्या खव्याला नाव होतं, आणि तिच्या नाकालाही. कुणी दुधात पाणी घातलंय हे ती कॅनचं झाकण उघडताच सांगायची, आणि कुणाची कोंबडी कुणाच्या पातेल्यात शिजली हेही. काही हरवलं की लोक पोलीस पाटलाच्या आधी तिच्या भट्टीवर यायचे. अशी बाई घरातल्याच एका कोड्यापुढं हात टेकून बसली होती.

झालं असं की तिच्या सासूबाई, धुरपदाबाई, गेल्या. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर मामलेदारासारखा बसून राहिला. थोरला मुलगा बलभीम, म्हणजे राजेश्वरीचा नवरा, म्हणाला, नातीचं लग्न थाटात करू, तुळजापूरला साडीचोळी नेऊ. कावळा ढिम्म. मग धाराशिवला नोकरीला असलेला धाकटा युवराज पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाला आणि म्हणाला, आई, आपण खव्याची भट्टी बंद करू, वहिनींनी धुरात डोळे फोडायला नकोत. तो गप्प होतोय तोवर कावळा खाली.

बलभीमानं जित्या आईचा शब्द कधी मोडला नव्हता, आता तर ती मेल्यावर बोलली होती. त्यानं लगेच कढईला गिऱ्हाईक शोधलं. दूधवाल्यांना शब्द दिला होता म्हणून महिनाअखेरपर्यंत भट्टी चालणार, एवढंच. राजेश्वरीचा त्या भट्टीवर जीव होता, ते मात्र तिला कुणी विचारलं नाही. ती पदरानं डोळे पुसायची आणि घरचे म्हणायचे, बघा, धुराचा किती त्रास होतो.

तेराव्यानंतर तिनं पहिल्यांदा जाळ घातला, तर धुरपदाबाई सरपणाच्या ढिगावर येऊन बसलेल्या. तेच लुगडं, त्याच आठ्या.

"जाळ कमी कर," त्या म्हणाल्या.

राजेश्वरीनं आधी जाळ कमी केला आणि मग ती घाबरली. सवयच तशी लागलेली.

सासूबाई फक्त तिलाच दिसायच्या. दहाव्याला त्या ओढ्याकाठीच होत्या म्हणे, आणि कावळ्यावर ओरडून ओरडून घसा बसला होता.

"म्या कशाला म्हणू भट्टी बंद करा? त्या काळतोंड्यानं माज्या नावानं परस्पर ठराव केला."

"मग तुमची इच्छा काय होती, आत्याबाई?"

यावर म्हातारीनं तोंड फिरवलं. मेली तरी मान वाकवायची नाही. शुगर निघाल्यापासून राजेश्वरीनं त्यांना खव्याचा कण दिला नव्हता, तेव्हाही त्या अशाच फुगून बसायच्या.

भूत साक्षीला आहे म्हणावं, तर नवरा कढईआधी तिलाच देवऋष्याकडं पोचवणार. पुरावा चारचौघांना दिसेल असाच हवा होता. म्हणून राजेश्वरी रोज खवा आटवता आटवता सासूला खोदून विचारायची. पिंडाला कुणी काही लावलं होतं का, कुणी कावळ्याला हुसकलं का. एकदा विचारलं, युवराज काय करत होता.

"काय करनार? तांब्यावर अंगठी वाजवत हुता. लहानपनापासनं खोड हाय, घाबरला की वाजवतो."

तेवढ्यात राजेश्वरीनं चिकटलेला खवा झाडायला उलथणं कढईच्या काठावर आपटलं. टण टण. कंपाउंडवर कावळा येऊन बसला, आणि चोच पुसून वाट बघू लागला. धुरपदाबाई इतकी वर्षं असंच उलथणं वाजवून तळाची पहिली खुरचण त्यालाच टाकत आल्या होत्या. ओढ्याकाठी तांब्यावर अंगठीही अशीच वाजली असणार.

"मेल्या," धुरपदाबाई कावळ्याला म्हणाल्या, "माज्याच हातचं खाऊन."

ढोकी गावचं गिऱ्हाईक कढई न्यायला आलं तेव्हा युवराजही आला होता. राजेश्वरीनं अंगणात पानावर भात ठेवला, दिराच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, माझं बोलून झालं की अंगठी वाजवा. मग हात जोडून ती म्हणाली की आत्याबाई, हे उद्यापासून पहाटे उठून म्हशी धुतील. टण टण. कावळा आला, भात घेऊन गेला. बलभीमाचं तोंड पडलं. आत्याबाई, भाऊजी आपला फोन विहिरीत टाकतील. टण टण. कावळा पुन्हा हजर. गिऱ्हाईक आधी हसलं, मग युवराजनं गुपचूप अंगठी काढून खिशात घातली.

"म्हंजी भट्टी बंद करा, हे आईचं म्हननं न्हवतंच?" बलभीमानं विचारलं.

"न्हवतं," राजेश्वरी म्हणाली.

"मग काय पायजे हुतं तिला?"

राजेश्वरीनं सरपणाच्या ढिगाकडं पाहिलं. धुरपदाबाई कुणाकडंच बघत नव्हत्या. त्यांची नजर कढईच्या तळाला लागलेल्या तांबूस खुरचणीवर होती. साऱ्या गावाच्या चोऱ्या राजेश्वरीनं पकडल्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या जिवाला काय खावंसं वाटतंय, एवढं तिला कळलं नव्हतं.

तिनं खुरचण काढली, वर चिमूटभर नाही, चांगली मूठभर साखर घातली आणि पानावर ठेवली. कुणी काही वाजवलं नाही. पोट भरलेला कावळा कंपाउंडवर जरा रेंगाळला, मग उतरला आणि सावकाश खाऊ लागला.

"जरा लागलाय," धुरपदाबाई म्हणाल्या. "पर ग्वाड हाय."

ढिगावर नुसतं सरपण उरलं. गिऱ्हाईक कढईऐवजी किलोभर खवा घेऊन परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरीनं मुद्दाम जाळ मोठा केला आणि उलथणं हातात धरून नुसती उभी राहिली. खवा तळाला लागला, वास सुटला. ती सरपणाकडं बघत थांबली. कुणी रागावलं नाही. मग तिनं डोळे पुसले, या वेळी धुराचं निमित्त न करता, आणि आपल्या हातानं जाळ कमी केला.