उजवा बूट

माझ्या धाकट्या भावाचे बूट पुसायचा मला पगार मिळतो. एकट्याचेच नाही, क्लबातल्या सत्तावीस खेळाडूंचे पुसतो. पण बाकीच्या सव्वीस जणांचे पुसताना माझ्या पोटात दुखत नाही.

आमची कोठी मैदानाच्या पायऱ्यांखाली आहे. लांबट, बिनखिडकीची खोली. एका भिंतीला तीन धुलाई यंत्रं, समोर नंबर टाकलेले कप्पे, मधल्या टेबलावर ब्रश, चिंध्या, लेसांची गुंडाळी आणि स्टड आवळायचा पाना. कोरडं मैदान असलं की बुटांखाली आखूड स्टड, ओलं असलं की लांब, धातूचे. ते पेचाने बसवायचे आणि गच्च आवळायचे, एवढंच काय ते शास्त्र. कोठीवाले काका इथे तीस वर्षं आहेत. जर्सी नाकाला लावून ते सांगतात, कोण पळाला आणि कोण नुसता कमरेवर हात ठेवून उभा होता. मला इथे पाच वर्षं झाली. मी नाकाला काही लावत नाही.

त्या शनिवारी धाकटा पहिल्यांदाच सुरुवातीच्या अकरांत उतरणार होता. डावीकडून खेळणाऱ्या जुन्या गड्याचा घोटा सरावात मुरगळला आणि आमच्या एकोणीस वर्षांच्या डावऱ्याचं नशीब उघडलं. त्याचा करार महिनाअखेरीस संपत होता. कोचने त्याला माझ्यासमोरच सांगितलं होतं, "दाखव काय ते. दाखवलंस तर तीन वर्षं इथे, नाहीतर दुसरीकडे बघ." घोडामैदान जवळच असतं म्हणतात. आमच्या तर डोक्यावरच होतं.

आता बुटांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण गुरुवारच्या पेपरात ती खोटी छापून आली होती.

आम्ही घर सोडून पळालो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि धाकटा सात. सीमेपलीकडच्या छावणीत आम्ही चौघं एका तंबूत राहायचो. बाबा सुतार. हत्यारं मागे राहिली होती, पण मोजूनमापून वागायची खोड बरोबर आली होती. वाटणीचा त्यांनी एक नियम घातला होता. एकाने मांडायचं, दुसऱ्याने उचलायचं. पाव असो, साबण असो, पांघरूण असो. धाकटा मांडायचा, कारण लहान मुलाला मांडायला दिलं की तो प्रामाणिकपणे मांडतो असं बाबांचं म्हणणं. आणि मी उचलायचो. एकदा उचललं की परत ठेवायचं नाही आणि कुरकुर करायची नाही.

पुढच्या वर्षी दानात आलेल्या पोत्यातून आम्हाला फुटबॉलच्या बुटांचा एक जोड मिळाला. मला आखूड, त्याला ढगळ. शहाण्या माणसाने एक दिवस तू, एक दिवस मी असं केलं असतं. पण नियम तो नियम! धाकट्याने दोन्ही बूट सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले. बाबा म्हणाले, "उचल."

मी उजवा उचलला. झडप घालून उचलला. चेंडू उजव्या पायाने मारतात, एवढी अक्कल मला होती. डावा त्याच्याकडे राहिला. त्याने त्यात चिंध्या कोंबल्या आणि बाहेरच्या खडीवर आम्ही दोघं एकेका बुटात दोन वर्षं खेळलो. माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. पण उचललेलं परत ठेवायचं नव्हतं. त्याचा उजवा पाय उघडा, त्यामुळे खडीवर त्या पायाने चेंडू मारायची सोयच नव्हती. तो डाव्याने मारायला लागला.

पुढे आम्हाला या शहरात घर मिळालं. इमारतीमागच्या मैदानावर क्लबची निवड चाचणी झाली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि तो चौदाचा. मी त्या दिवशी तीन गोल केले. तीन! धाकट्याने एकही नाही. खेळ संपल्यावर छोट्या संघाचा कोच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "छान खेळतोस रे. पण उजव्या पायाची पोरं पैशाला पासरी मिळतात. तो डावरा कुठाय?"

डावरा माझ्याच मागे उभा होता. तो म्हणाला, "दादाला घेत नसाल तर मी पण नाही येत." मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला कोठीत जागा करून दिली. घरी सगळे खूश. आई म्हणाली, "दोघांचं एकदम झालं गं बाई!" मला दया नको होती. मला डावा पाय हवा होता.

आणि तो पाय न्यायाने माझाच होता, असं मी मनात धरून बसलो होतो. मी उजवा उचलला म्हणून तो डावरा झाला. मी हावरटपणा केला आणि त्याचं भलं झालं. मी डावा उचलला असता तर आज त्याच्या जर्सीच्या एकोणतीस नंबरच्या कप्प्यात माझे बूट असते आणि ते पुसत तो बसला असता. हे गणित मी कोणाला सांगितलं नव्हतं. बूट पुसताना रोज मांडायचो आणि रोज उत्तर तेच यायचं.

त्यात या पोराची एक सवय. सामना असला की तो कोठीत यायचा, दोन्ही बूट माझ्यासमोर टेबलावर मांडायचा आणि म्हणायचा, "उचल, दादा." मी उजवा उचलायचा, पुसायचा, त्याला द्यायचा. मग डावा तो स्वतः घ्यायचा. बाकीच्या खेळाडूंना वाटायचं काही शकुन असेल. मला वाटायचं, हा दर आठवड्याला माझ्या जखमेवर मीठ चोळतोय आणि वर गोड हसतोय.

गुरुवारी पेपरात त्याची मुलाखत आली. बातमीदार बाईंनी विचारलं होतं, डावा पाय एवढा तयार कसा? साहेबांचं उत्तर: "छावणीत एकच जोड होता. माझ्या मोठ्या भावाने त्यातला डावा मला दिला. आज मी जो आहे तो त्याच्यामुळे."

दिला म्हणे! आईने ते कात्रण फ्रिजवर लावलं. बाबांनी ते चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की गेल्या अकरा वर्षांत तशी नजर माझ्या वाट्याला आली नव्हती. मी डावा त्याच्यासाठी मुद्दाम सोडला होता, असं त्यांना आता वाटत होतं. खोटं कौतुक शिवीपेक्षा जास्त झोंबतं. तो पेपरात मोठा झालाच होता, आता मला मोठेपणाही तोच देणार. आणि मी तो गुपचूप घ्यायचा.

शनिवारी सकाळपासून पाऊस. लांब स्टड लावायचा निरोप आला. काका वर जर्स्या लावायला गेले होते. मी अकरा जोड काढले, जुने स्टड उतरवले, नवे बसवले. धाकट्याचा डावा बूट शेवटी घेतला. बाहेरच्या कडेचा पुढचा स्टड, ज्यावर वळताना त्याचा सगळा भार येतो, तो मी आवळला. मग पाना उलटा फिरवला. दोन वेढे.

मुद्दाम केलं. हात घसरला असं मी म्हणणार नाही. तिथे बसून मला स्वच्छ दिसत होतं, तो पहिल्यांदा आत वळेल, स्टड निसटेल, तो चिखलात आडवा होईल आणि लोक हसतील. एवढंच. पाय मोडावा असं मनात नव्हतं. पण पाय मोडणार नाही याची खात्रीही मी करून घेतली नव्हती.

सराव करून खेळाडू खाली आले. धाकटा सरावाचे बूट काढून, ओल्या मोज्यांनी फरशीवर ठसे उमटवत कोठीत आला. काका मागोमाग आले आणि त्याला म्हणाले, "काय डावरेबुवा, पोटात फुलपाखरं की उंदीर?"

"बेडूक आहेत काका," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. काका हसत यंत्राकडे वळले. त्याने कप्प्यातून बूट काढले, माझ्यासमोर मांडले. "उचल, दादा."

दोन्ही टाचा त्याने जपून एका रेषेत आणल्या. लहानपणी पावाचे तुकडे असेच जपून मांडायचा, कारण एक तुकडा मोठा झाला तर बाबा रागावतील. मी हात पुढे केला. उजव्याकडे गेला नाही. मी डावा उचलला आणि पाना घेतला.

तो दचकला. मग खळखळून हसला, सकाळपासून पहिल्यांदाच. "डावा? दादा, आज डावा? अरे, अकरा वर्षं मी याच भीतीत काढली!"

"कसल्या भीतीत?"

"तू डावा उचलशील याच्या. त्या दिवशी सतरंजीवर मांडताना मी मनात म्हणत होतो, दादा उजवा घे, दादा उजवा घे. मला डावाच हवा होता ना."

"तुला काय कळत होतं तेव्हा? आठ वर्षांचा होतास."

"डाव्याने मारतो हे कळत होतं. छावणीत यायच्या आधीपासून मी दगड डाव्यानेच उडवायचो. घराच्या फाटकावर नेम धरून." तो सहज म्हणाला, "तुझं लक्षच नसायचं माझ्याकडे."

पाना स्टडवर होता आणि माझा हात थांबला होता. अकरा वर्षं मांडलेलं गणित पहिल्याच ओळीला चुकलेलं निघालं. त्या पायात माझा वाटा कधीच नव्हता. माझी हावही त्याच्या कामाची नव्हती. मी उजवा उचलला कारण मला उजवा हवा होता, त्याला डावा मिळाला कारण त्याला डावा हवा होता, आणि मी तीन गोल करूनही घरी आलो कारण माझ्यासारखे पुष्कळ होते. मला त्याचा इतका हेवा कधी वाटला नव्हता. निदान आधी मी त्यात कुठेतरी होतो.

"मग पेपरात दिला असं का सांगितलंस?" मी विचारलं.

"बाबा वाचणार होते म्हणून," तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्या हातावर गेली. "सैल आहे का तो?"

आता काहीही सांगता आलं असतं. नवे स्टड आहेत, पेच चढला नव्हता, बघतोय. काकांनीही विश्वास ठेवला असता.

"मीच सैल केला होता," मी म्हणालो.

धुलाई यंत्र फिरत होतं. काकांची पाठ आमच्याकडे होती. धाकट्याने वाकून त्या स्टडला बोट लावलं, तो हलला. मैदानावर जायच्या बोगद्यातून शिट्टी झाली, कोणीतरी त्याच्या नावाने हाक मारली.

"आता आवळशील?"

मी आवळला. मनगट दुखेपर्यंत आवळला, मग बाकीचे पाचही पुन्हा आवळले आणि उजव्याचे सहा. त्याने बूट माझ्या हातातून घेतले, घातले, लेस दोनदा बांधली आणि वर गेला.

मी सामना बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून पाहिला. आठव्या मिनिटाला तो चेंडू घेऊन कडेने सुटला आणि डाव्या पायावर भार टाकून आत वळला, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो उभाच होता आणि त्याच्यासमोरचा बचावपटू चिखलात बसला होता. लोक ओरडत होते. मीही ओरडलो. तो ओरडा कौतुकाचा होता की सुटकेचा, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आम्ही एका गोलने हरलो, पण कोचने त्याला शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही. मंगळवारी त्याने तीन वर्षांच्या करारावर सही केली. डाव्या हाताने. तेही इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी त्याने स्टडचं कोणाला सांगितलं नाही. आईने सहीचा फोटो कात्रणाशेजारी लावला. फ्रिज उघडताना दर वेळी मला वाचावं लागतं की मी बूट दिला. माझा हेवा गेला असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा सामना होता. मला वाटलं, तो काकांकडे जाईल. तो माझ्याकडेच आला. दोन्ही बूट टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाला, "उचल, दादा."

मी उजवा उचलला, पुसला, त्याला दिला. त्याने तो खाली ठेवला. मग डावा उलटा केला आणि माझ्यासमोर उभा राहून सगळे स्टड अंगठ्याने एकेक करून चाचपले. हसला नाही, रागावलाही नाही. घाई न करता सहाही तपासले.

मी पाना त्याच्याकडे सरकवला.