ठणका

कापसाचे बोळे. उकळलेला चिमटा.

एक काज राहिलेला पांढरा सदरा.

शाळेत एका बाकावर बसणारे दोघे: एकाचं टोपणनाव बोळा, दुसऱ्याचं टाचणी.

‘दुखत नाही ना? मग झालं तर,’ म्हणणारी अख्खी गल्ली.

बोळा मोठा होऊन दवाखान्यात ड्रेसर झाला. छत्तीस वर्षं जखमा बांधून या शनिवारी तो निवृत्त होणार होता. टाचणी शिंपी झाला, आणि आज उजवा अंगठा पुढे करून त्याच्यासमोर बसला होता. सुई आरपार गेल्याला सहा दिवस झाले होते. शिंप्याला मधुमेह, तरी स्वारी खुशीत, कारण ना सूज, ना दुखणं.

अंगठा थंडगार, राखेच्या रंगाचा. ड्रेसरने लगेच डॉक्टरांना हाक मारली. जखम झाली की अंगातली फौज धावून येते. तिच्या धावपळीनेच कातडी लाल होते, तापते, सुजते, ठणकते. या चौघांना ड्रेसर ‘पाहुणे’ म्हणायचा. इथे एकही फिरकला नव्हता.

डॉक्टरांनी जखम उघडून धुतली, इन्सुलिन सुरू केलं आणि ड्रेसरला बाजूला घेऊन सांगितलं की शुक्रवारपर्यंत अंगठ्यात जीव आला नाही तर तो काढावा लागेल. उजव्या अंगठ्याविना शिंप्याने कात्री धरायची कशाने?

ड्रेसर दिवसातून दोनदा पट्टी बदलू लागला. बदलताना अंगठ्याशीच बोलायचा, की पाहुण्यांनो, पत्ता चुकलात का, घर हेच आहे. शिंपी हसायचा. शिंप्याबरोबर आलेल्या वहिनींनी मात्र एकदा विचारलं, की यांना बरं वाटतंय, मग भावोजी, तुमचा चेहरा का उतरलाय? तो म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय.

शुक्रवारी शिंपी तणतणत आला.

“बोळ्या, काय लावलंस रे मेल्या? पहाटेपासून आत कुणी मशीन मारतंय.”

पट्टी सुटली. अंगठा लालबुंद, टम्म, तव्यासारखा तापलेला. कापसावर पिवळट डाग.

“पू झाला,” शिंप्याचा चेहरा पडला.

“अंगातले शिपाई तुझ्यासाठी लढून पडलेत ते. हात जोड.” चिमट्यातला बोळा टाकायला ड्रेसरने जरा वेळच लावला. “दुखतंय?”

“जीव जातोय.”

“परत म्हण.”

“जीव जातोय, बोळ्या.”

ड्रेसरने चष्मा काढून बराच वेळ पुसला.

अंगठा राहिला. नख तेवढं वाकडं आलं. शनिवारी निरोपाला ड्रेसर जुन्याच सदऱ्यात गेला.

सुई अंगठ्यात शिरली, तेव्हा शिंपी ड्रेसरचा निरोपाचा सदरा शिवत होता.