नारिंगी चित्र आणि अबोला

चित्र घरात आलं ते दोन हमालांच्या खांद्यावरून, आणि येता येता त्याने दाराच्या चौकटीचा टवका उडवला. काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. चित्र दाराएवढं होतं. बरं, चित्र तरी कसलं? ना झाड, ना माणूस, ना नदी. थापीने लिंपावा तसा नुसता जाड नारिंगी रंग, आणि त्यात मधोमध एक काळा पट्टा.

“हे कोणी मागवलं?”

“मी,” काका म्हणाले. “घराला जरा चेहरा हवा गं.”

काकूंना खोकलाच आला. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने हे म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. काकांनी सारा जन्म रंगाच्या दुकानात शेड जुळवण्यात घालवला होता. कुणी उशीच्या अभ्र्याचा तुकडा घेऊन यावं, कुणी फुटकी फरशी, कुणी बाळाचं टोपरं, आणि म्हणावं, भिंत अशी हवी. काका डबा ढवळून नेमका तोच रंग समोर ठेवत. साऱ्या गल्लीत त्यांना ‘शेडवाले’ म्हणत. पण दिवसभर रंगात बुडालेल्या ह्या माणसाला घरी आल्यावर रंग डोळ्यांसमोर नको असे. भिंती सायीच्या रंगाच्या, पडदे सायीच्या रंगाचे, सोफाही तसाच. नव्या संसारात काकूंनी एकदा हौसेने जांभळा ड्रेस शिवला, तेव्हा “डोळ्यांना थोडी सुटी दे गं,” असं ते हसत म्हणाले होते. ते हसत म्हणाले, पण काकूंनी मनावर घेतलं, आणि बघता बघता त्यांचं कपाटही सायीच्या रंगाचं झालं. काकू भिंतीला टेकून बसल्या तर शोधाव्या लागतील, अशी शेजारपाजारची थट्टा होती. काकूंना ती ऐकायला आवडायची, खोटं कशाला बोला.

आणि आता त्याच भिंतीवर हा वणवा.

चित्रापाठोपाठ आली खुर्ची. काळीकुळकुळीत, उंच पाठीची, हातांवर पिवळ्या कडा. मग दिवे आले. एक वाकलेल्या मानेचा उंच दिवा खुर्चीशेजारी, एक पितळी घुमट जेवायच्या टेबलावर, आणि बोळकांडीत ओळीने लहान लहान दिवे, दिवसाढवळ्यासुद्धा जळणारे. खोलीतून बाहेर पडणाऱ्याने मागचा दिवा विझवायचा, हे काकांचं आवडतं वाक्य होतं. ते आता कुठे गेलं कोण जाणे.

ह्या सगळ्यामागे होती ती सजावटवाली. चाळिशीची, केस कानापर्यंत कापलेले, गळ्यात कायम मोजपट्टी. लोकांची घरं सजवून द्यायची आणि त्यासाठी रंग काकांच्या दुकानातून न्यायची, इतकीच तिची जुनी ओळख. “काकू, चहा काय फक्कड झालाय,” असं म्हणायची आणि चहा अर्धा टाकून मोजमापं घ्यायला उठायची. जी बाई चहाचं कौतुक करते आणि तो पीत नाही, तिच्यावर काकूंचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं.

पण खरं खुपत होतं ते वेगळंच. काका हल्ली काकूंच्या नजरेला नजर देत नव्हते. बोलताना त्यांची नजर काकूंच्या कानाकडे नाहीतर खांद्यापलीकडे. मान जरा तिरकी, जसं काही शेजारच्या घरातलं बोलणं ऐकताहेत. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस असं एकदाच वागला होता, काकूंच्या आवडीची बरणी फोडली होती तेव्हा. गेल्या वर्षी दुकान सोडलं तेव्हाही त्यांनी “कंटाळा आला” एवढ्यावर विषय मिटवला होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

काकूंनी धाकट्या बहिणीला फोन लावला. बहिणीला जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण माहीत असे.

“ताई, तू इतकी भोळी कशी गं?” ती म्हणाली. “घर विकायच्या आधी लोक हेच करतात. एक भपकेबाज चित्र, एक झकास खुर्ची, चार दिवे. बघायला येणारा दिपून जातो. भाव चढतो.”

“आमचं घर? हे विकतील?”

“जागा कुणाच्या नावावर आहे?”

जागा काकांच्या नावावर होती. सही करायला काकूंची गरज नव्हती. पण ह्या घरात त्या लग्न होऊन आल्या होत्या. ह्याच घरात मुलगी वाढली आणि लग्न करून गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी कशी उचलून लावायची ते जगात फक्त काकूंना माहीत होतं. ह्या वयात दुसरं घर म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अंगातले कपडे घालून बसणं. नाही, मेल्या तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तर पुरावाच मिळाला. सजावटवालीने बैठकीच्या जमिनीवर निळ्या चिकटपट्ट्या ओढल्या होत्या, दारापासून चित्रापर्यंत, तिथून खुर्चीपर्यंत, तिथून बोळकांडीकडे. काका पाण्याने भरलेला कप हातात धरून त्या पट्ट्यांवरून चालत होते, आणि ती खाली बसून त्यांचे पाय बघत होती. काकू स्वयंपाकघराच्या दाराआड कान टवकारून उभ्या राहिल्या.

“दारातून आत आलं की आधी चित्र दिसलं पाहिजे,” ती सांगत होती. “चित्र दिसलं की डावीकडे वळायचं, दिव्याकडे. दिव्याखाली खुर्ची. विचार करावा लागता कामा नये.”

“टेबल जरा आड येतंय,” काका म्हणाले.

“ते हलवू. काकूंना सांगितलंत?”

“नाही अजून. सगळं जागेवर बसलं की सांगीन. आधी कळलं तर ती घर डोक्यावर घेईल.”

घर डोक्यावर घेईल! घर हातातून चाललंय आणि वर हे! काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गिऱ्हाईक कुठून आत येणार, कुठे वळणार, कुठे बसणार, सगळी तालीम चालली होती तर. आणि घरच्या बाईला ताकास तूर लागू द्यायची नाही.

काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण भांडण त्या फुटक्या बशीवरून करत. मोठ्या रागाला त्यांच्याकडे एकच हत्यार होतं, ते म्हणजे अबोला. त्या दिवसापासून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. ताट वाढायचं, पण हाक मारायची नाही. खोलीत यायचं ते पाय न वाजवता, जायचं तेही तसंच. काका अधूनमधून खोलीच्या मधोमध थांबून मान तिरकी करत, काहीतरी विचारायला तोंड उघडत आणि परत मिटत. खातंय मन, खाऊ दे, असं काकूंना वाटे. त्यात त्यांना थोडं सुख होतं, आणि त्या सुखाची थोडी लाजही वाटत होती.

मग एका सकाळी काकांचा फोन ऐकू आला. “हो, आज दुपारी या. शेवटचं एकदा बघून घेऊ. मग आज संध्याकाळी सांगूनच टाकतो तिला.” एवढं बोलून काका पिशवी घेऊन बाजारात गेले.

काकू कंबर कसून उठल्या. येऊ देत काय गिऱ्हाईक यायचं ते. दिपवायचं आहे ना? बघू कसं दिपवता.

चित्र उतरवणं त्यांच्या ताकदीबाहेरचं होतं, म्हणून पलंगावरची सायीच्या रंगाची चादर आणून त्यांनी स्टुलावर चढून ते वरपासून खालपर्यंत झाकून टाकलं. काळी खुर्ची ढकलत ढकलत आतल्या खोलीत नेली. सगळे दिवे विझवले. बाजूला सारलेलं टेबल ओढून पुन्हा खोलीच्या मधोमध आणलं, आणि निळ्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. घर पुन्हा होतं तसं झालं, फिकट आणि साधं. कुणी ढुंकून बघणार नाही असं. काकू घामाघूम होऊन भिंतीशी सोफ्यावर बसल्या आणि हाताची घडी घातली. आज सोक्षमोक्ष लावायचाच. पण आधी बोलायचं ते काकांनी.

कुलपात किल्ली फिरली. काका आत आले आणि दारातच थबकले.

ते समोर बघत राहिले, जिथे चित्र होतं तिथे. मग मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. काकूंना वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली, डावीकडे वळले आणि रोजच्यासारखे खुर्चीच्या दिशेने निघाले. टेबलाचा कोपरा मांडीवर असा बसला की ते कळवळले. पिशवी सुटली. टोमॅटो खोलीभर घरंगळले. एक काकूंच्या पायाशी येऊन थांबला.

काका एका हाताने टेबल चाचपत उभे राहिले. दुसरा हात पुढे, खुर्चीची पाठ असायला हवी होती त्या जागी, हवेत. त्यांचा चेहरा काकूंच्या अगदी समोर होता, दोन हातांवर. डोळे उघडे होते. नजर सरळ काकूंच्या तोंडावर.

“अगं,” त्यांनी हळूच हाक मारली. “घरात आहेस का?”

कान, खांदा, तिरकी मान, पाण्याचा कप, दुकानाचा कंटाळा, सगळं एका क्षणात आपापल्या जागी जाऊन बसलं, आणि आपण एवढे दिवस काय केलं तेही त्यांना कळलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “इथेच आहे, तुमच्या समोर. हलू नका. टोमॅटो आहेत पायाखाली.”

काका हलले नाहीत. काकूंनी टोमॅटो बाजूला सारले, त्यांचा हात धरला आणि त्यांना सोफ्यावर बसवलं.

“नजरेतलं मधलं जातंय,” काका म्हणाले. “समोर बघितलं की भोक पडल्यासारखं. कडेने दिसतं अजून. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही. ठळक रंग, भरपूर उजेड असला की निभतं. दुकानात एकदा ह्या सजावटवालीने हस्तिदंती रंग मागितला आणि मी पिस्ता काढून दिला. तिने कुणाला सांगितलं नाही. घर असं लावून देते म्हणाली, की न विचारता वावरता येईल. नारिंगी दिसलं की समजायचं, बैठक. काळं दिसलं की खुर्ची.”

“आणि मला?”

“तू रडत बसली असतीस. माझा हात धरून मला न्हाणीघरापर्यंत पोचवलं असतंस.” त्यांनी दुखरी मांडी चोळली. “एकट्याने वावरणं आधी नीट जमू दे म्हटलं, मग सांगू. पण तू कुठे गेली होतीस गं इतके दिवस? ताट यायचं, तू दिसायची नाहीस. मला वाटलं, नजरेतून गेलीस तू. सगळ्यात आधी तूच गेलीस.”

काकूंनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. सायीच्या रंगाचे कपडे, सायीच्या रंगाचा सोफा, सायीच्या रंगाची भिंत. नवऱ्याच्या डोळ्यांना सुटी मिळावी म्हणून जन्मभर घातलेले. ह्या घरात खुर्ची दिसत होती, दिवा दिसत होता, चित्र दिसत होतं. दिसत नव्हत्या त्या फक्त काकू. आणि आवाज होता, तर तो त्यांनी आपल्या हाताने कुलपात घातला होता. त्यांना भडभडून आलं. त्यांनी ते आवरलं नाही.

दारावरची घंटा वाजली. सजावटवाली आत आली, झाकलेलं चित्र बघून आ वासून उभी राहिली.

“या,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “चादर काढायला मदत करा. आणि एक सांगा, मी कुठल्या रंगाचं घालू म्हणजे ह्यांना दिसेन?”

सजावटवालीने काकांकडे बघितलं. शेवटी शेड ठरवायचं काम त्यांचंच. काकांनी मान तिरकी केली, गिऱ्हाईक समोर उभं असावं तसा जरा वेळ घेतला.

“जांभळा,” ते म्हणाले. “पण नसला तरी चालेल. तू फक्त गप्प बसू नकोस.”

मग काकूंनी तोंड उघडलं. चौकटीच्या टवक्यापासून सुरुवात केली, दिव्यांवर आल्या, चोरून केलेल्या फोनांवर, अर्ध्या टाकलेल्या चहांवर, धाकट्या बहिणीच्या अकलेवर. बोलता बोलता त्या आतून काळी खुर्ची ओढत आणत होत्या, आणि त्या आवाजामागून काका एका हातात टोमॅटो घेऊन चालत होते, कुठेही न अडखळता.