पिंपातली भुकटी

धाकट्या भावाला बोलायला सांगावं, काम सांगू नये, हे ताईला तो शाळेत होता तेव्हापासून ठाऊक होतं. आता तो कारखान्याचा मालक होता आणि ती त्याच्याच प्रयोगशाळेची प्रमुख. एवढाच काय तो फरक.

त्या दिवशी पाहुणे आले आणि त्याच्या बोलण्याला नुसता ऊत आला. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, पण आमची लोखंडी भुकटी तेलाच्या थेंबाथेंबाला अंगरखा घालते, मग दोघं गुण्यागोविंदाने राहतात आणि रसायन तयार होतं. काम झालं की भुकटी काढायची, धुवायची, पुन्हा वापरायची. कचरा म्हणून उरतच नाही. असं म्हणत त्याने काचेच्या बरणीला लोहचुंबक लावलं. काळी भुकटी सरसर काचेकडे धावली, तेल वर आलं, पाणी खाली नितळलं. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. बरणीभर पाण्यात जग वाचवणारी माणसं टाळ्यांना कधी कमी पडत नाहीत, असं ताईच्या मनात आलं.

त्यांतल्या एका बाईंनी मात्र विचारलं, की मोठ्या यंत्रातली भुकटी कितव्यांदा वापरली जाते आहे. धाकट्याने ताईकडे पाहिलं.

"पहिल्यांदा," ताई म्हणाली. "दर वेळी पहिल्यांदाच. वापरलेली सगळी मागच्या भिंतीशी पिंपांत पडली आहे."

"आमची ताई फार थट्टेखोर," धाकटा म्हणाला. सगळे हसले. बाईही हसल्या आणि जेवायला गेल्या.

ताईने वाद घातला नाही. नव्या भुकटीच्या खोलीला कुलूप लावून ती किल्लीसकट घरी गेली. सकाळी यंत्र बंद आणि धाकटा तिच्या दारात. आधी त्याने आवाज चढवला, मग आईची शपथ घातली, शेवटी काकांना सांगेन म्हणाला. मालकाचं सगळं शौर्य तेवढ्यात आटोपलं.

"आधी पिंपं धू, मग किल्ली," ती म्हणाली.

"त्यात अख्खा दिवस जातो, ताई."

"म्हणून तर तू बोलण्यावर भागवतोस."

दोघांनी मिळून पहिलं पिंप उपसलं. कणांवरचा तेलकट थर निघता निघेना. स्पिरिट ओतायचं, ढवळायचं, चुंबकाने भुकटी ओढायची, मग तेच स्पिरिट शुद्ध करून पुन्हा ओतायचं. धाकट्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले. थोडी भुकटी वाया गेली. उरलेली यंत्रात घातली, तर थेंब नेहमीपेक्षा मोठे झाले, पण फुटले नाहीत. रसायन तयार झालं.

धाकटा काचेतून बघतच राहिला. मग छाती फुगवून म्हणाला, की पुढच्या पाहुण्यांना हे दाखवायलाच हवं, आपण किती कष्टाने...

ताईने दुसऱ्या पिंपाचं झाकण काढलं आणि ढवळणी त्याच्या हातात दिली.