सहा दिवसांचा सरळपणा

मित्रांनो, मी एका जुन्या जीपचे स्टिअरिंग आहे आणि उभ्या आयुष्यात मी फक्त सहा दिवस खोटे बोलले. बाकीची चौदा वर्षे माझे चारित्र्य गोल आणि स्वच्छ आहे. पण त्या सहा दिवसांत असा काही थरार झाला, की नुसती आठवण आली तरी माझा हॉर्न आपोआप वाजतो. वायरिंगही जुने झाले आहे म्हणा.

माझा जन्म कारखान्यात झाला. एक सळई वाकवून तिची टोके जोडली, वर काळे रबर चढवले आणि मधोमध एक भोक ठेवले. भोकाला आतून छत्तीस दाते. त्यांनी मी गाडीच्या दांड्याला घट्ट धरून बसते. दात दिलेत म्हणजे खायलाही देतील अशी माझी भाबडी समजूत होती. चौदा वर्षांत एक बिस्कीट मिळाले, तेही चिमणीच्या हातून सांडलेले.

चिमणी आठ वर्षांची आहे. जीप तिच्या आत्याची. आत्या जमीन मोजायच्या खात्यात असतात, त्यामुळे त्यांना सगळे मोजणीबाई म्हणतात. बाईंना वाकडे खपत नाही. परक्याच्या घरात कॅलेंडर तिरके दिसले, तरी त्या चहाचा कप खाली ठेवून आधी ते सरळ करतात. आरशाला त्यांनी छोटा ओळंबा टांगला आहे. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला पितळी वजन बांधून सोडतो ना, तो. आणि माझ्या माथ्यावर, घड्याळात बारा असतात त्या जागी, पांढरा दोरा गुंडाळला आहे. दोरा वर म्हणजे गाडी सरळ, असा आमच्यात करार होता. तो मी कधी मोडला नाही. मोडला तो धाकट्याने.

धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ, चिमणीचे बाबा. तो घड्याळे दुरुस्त करतो. हात इतका हलका, की माशीच्या पायात पैंजण घालील आणि माशीला पत्ता लागणार नाही. पण गाडी दिसली की त्याचे डोके ठिकाणावर राहत नाही. त्या रविवारी बाई कचेरीत नकाशे पुरे करत होत्या. धाकट्याने चावी उचलली, गाडी धुवून आणतो म्हणाला आणि थेट ओढ्यात घातली. धुतली हे खरे आहे. ओढ्यातच.

खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मला फार मजा आली. दगड, चिखल, पाणी, पुन्हा दगड. मी डावीकडे गरगर, उजवीकडे गरगर. ओळंबा तर छताला डोके आपटून हसत होता. धाकटा गात होता. मग पाण्याखाली लपलेला एक टोकदार धोंडा पुढच्या डाव्या चाकाला असा भिडला, की गाणे कडव्याच्या मध्येच थांबले.

ओढ्यातून वर आलो. गाडी सरळ चालत होती, पण माझा दोरा अकरावर होता. मी अकरा वाजवल्याशिवाय गाडी सरळ जाईना. धाकट्याने खाली उतरून चाकाची बाहेरची बाजू पाहिली. ती ठीक होती. आतली बाजू पाहायला चिखलात आडवे व्हावे लागले असते आणि शर्ट नवा होता.

आता ऐका त्याची अक्कल. घड्याळाचा काटा चुकीच्या आकड्यावर बसला, तर घड्याळजी काय करतो? काटा उपसतो आणि बरोबर आकड्यावर दाबून बसवतो. धाकट्याने माझ्यावर हेच शास्त्र चालवले. माझी टोपी काढली, नट सोडवला आणि दोन्ही पाय डॅशबोर्डला टेकवून मला उपटले. मी निघाले ते थेट त्याच्या हनुवटीवर. मग तीन दाते सरकवून त्याने मला पुन्हा बसवले. दोरा बरोबर बारावर. खाली चाके वाकडीच. मी तेवढे सरळ.

त्या क्षणापासून मी खोटारडे झाले.

सोमवार ते शुक्रवार बाई मला घेऊन मोजणीच्या गावांना हिंडल्या. चारशे किलोमीटर. खाली टायर रस्त्यावर तिरके घासत होते आणि मी वर शहाण्या मुलासारखे बसले होते. धाकट्याच्या हनुवटीला काय झाले असे बाईंनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, घड्याळ पडले. भिंतीवरचे होते का, असे चिमणीने विचारले. घंटाघरावरचे असावे इतकी सूज होती.

खरी कसोटी शनिवारी होती. त्या दोघांच्या आईच्या डोळ्याचे शहरात ऑपरेशन झाले होते आणि तिला घरी आणायचे होते. जायला नव्वद किलोमीटर, यायला तेवढेच, मोठ्या महामार्गावरून, ऐंशीच्या वेगाने. आणि आई बसणार पुढे डावीकडे, म्हणजे बरोबर त्या चाकाच्या डोक्यावर.

सकाळी निघालो. त्या जागेवर आता धाकटा बसला होता, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. मी ठरवले, आज सांगून टाकायचे. पण स्टिअरिंगला तोंड नसते, फक्त थरथर असते. चाळीसला मी थरथरले. रस्ता खराब आहे, असे बाई म्हणाल्या. रस्ता तर कालच केलाय, असे चिमणीने मागून कळवले. साठला मी असे कापू लागले, की बाईंच्या बांगड्या वाजायला लागल्या आणि ओळंबा हवेत गोल गोल फिरू लागला. शाबास, म्हटले मनात, फिर लेका.

बाईंनी वेग कमी केला आणि माझ्या माथ्यावरच्या दोऱ्याकडे पाहिले. मग त्यांनी माझ्यावर थाप मारली आणि कौतुकाने म्हणाल्या, "चौदा वर्षं झाली, बघ. माणसं फसवतात, पण हे कधी रेषा सोडत नाही."

मित्रांनो, उन्हात तापले आहे, पावसात भिजले आहे, हनुवटीवर आपटले आहे. पण त्या कौतुकाइतके मला काहीच लागले नाही.

समोर महामार्गाचा चढ आला. गाड्या सूं सूं जात होत्या. बाईंनी गिअर बदलला.

"ताई, थांबव," धाकटा म्हणाला.

"काय झालं?"

"ते सरळ नाहीये. मी सरळ केलंय."

बाईंनी गाडी कडेला घेतली आणि त्याने सगळे सांगितले. ओढा, धोंडा, तीन दाते, हनुवटी. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर धाकट्याला सोपे गेले असते. त्यांनी मागून मोजपट्टी काढली आणि तिचे एक टोक त्याच्या हातात दिले. दोन्ही पुढच्या चाकांमधले अंतर आधी पुढून मोजले, मग मागून.

"बावीस मिलिमीटरचा फरक," त्या म्हणाल्या. "एवढ्या जागेवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात."

मग त्यांनी धाकट्याला नव्या शर्टासकट गाडीखाली आडवे केले. डाव्या टायरच्या आतल्या कडेची नक्षी पार पुसून गेली होती आणि आतल्या बाजूला उकडलेल्या अंड्याएवढा फुगा आला होता. चिमणीने तो बोटाने दाबायची परवानगी मागितली. मिळाली नाही.

गाडीखालून धाकट्याचा नुसता आवाज आला. 

"ताई, इथं आई बसणार होती."

"म्हणूनच तू थांबवलंस," बाई म्हणाल्या. "आता निघ बाहेर, जॅक लाव."

स्टेपनी चढली. चौदा वर्षांत पहिल्यांदा जमिनीला टेकली म्हणून ती इतकी खूश होती, की तिची बडबड थांबेना. वीसच्या वेगाने आम्ही जवळच्या अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. त्याने माझी टोपी काढली, आत पाहिले आणि विचारले, घरात कोणी घड्याळजी आहे का. कारखान्याने दांड्यावर आणि माझ्यावर जुळवून मारलेल्या खुणा एकमेकींपासून तीन दाते दूर होत्या. त्याने मला माझ्या जागी आणले आणि मी पुन्हा अकरा वाजवले. हायसे वाटले. मग त्याने खालचा वाकलेला दांडा बदलला, नवा टायर घातला, चाकांना आरसे लावले आणि पडद्यावर बघत एकेक चाक रेषेत आणले. तेव्हा मी बारावर आले. या वेळी खरे.

महामार्गावर ऐंशीला मी थरथरले नाही. ओळंबा समाधी लागल्यासारखा लटकला होता.

आम्ही तीन तास उशिरा पोहोचलो. आई डोळ्याला पट्टी बांधून पुढे बसली. मागे धाकटा हात मांडीवर ठेवून गप्प. दोन मिनिटे गेली.

"हा आज एवढा शहाण्यासारखा का बसलाय?" आई म्हणाली. "काय मोडलंस रे?"

बाई इतक्या हसल्या की माझा दोरा क्षणभर साडेबारावर गेला. ते मी मोजत नाही.

हल्ली आम्ही ओढ्यात जातो. बाईच नेतात, धाकटा शेजारी गातो. परत आलो की चिमणी टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटते आणि चारही टायरांच्या आतल्या बाजू पाहून पुकारा करते. अंडे नाही, असे तिने चार वेळा म्हटल्याशिवाय कोणाला चहा मिळत नाही.

मित्रांनो, मागणे एवढेच. दगडधोंड्यांतून जरूर जा, मलाही आवडते. पण नंतर मी थरथरले, तर रस्त्याला नावे ठेवू नका. आणि मी कधी तिरके दिसले, तर कृपा करून मला सरळ करू नका. मला तसेच राहू द्या आणि शर्टाची पर्वा न करता खाली आडवे होऊन पाहा.