वैरणीच्या खोलीला खिडकी

मी तापट माणूस आहे, हे गोरेगावात कुणालाही विचारा. पण त्या उन्हाळ्यात दोन महिने मी कुणावर खेकसलो नाही, कारण मी खोली सजवत होतो. हसा खुशाल. गावही हसलंच. मिशा पिकलेला माणूस, घरी दोन बैलजोड्या, आणि सकाळी उठून भिंतीला पांढरी माती फासतोय. सटवाजी सुतार रोज विचारायचा, "किसनराव, कोन्या राणीचा महाल बांधून राहिले?" आणि मी रोज सांगायचो, "माह्या पोरीचा."

जर्मनची लढाई लागली त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. माझी धाकटी शालू पहिल्या बाळंतपणाला येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, ही आमची रीत. थोरली पंचफुलाही तशीच आली होती, तीन सालांमागे. तिला घरातली नेहमीची बाळंतिणीची खोली दिली होती. माजघराच्या मागं, ज्वारीच्या कणग्यांना लागून, खिडकी नसलेली. वर धाब्याला उजेडासाठी सवणं होतं, पण वारं लागू नये म्हणून त्यावरही दगड ठेवलेला. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याचा धूर. बारा दिवस पुरुषानं त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. सातव्या दिवशी तिला ताप भरल्याचं कळलं तेव्हा मला राहवलं नाही. मी विटाळ न जुमानता दार लोटलं आणि उंबऱ्यात उभा राहिलो. अंधारात तिचा चेहराही नीट दिसला नाही. "बा, उघडंच राहू द्या," एवढं म्हणाली. नवव्या दिवशी ती गेली आणि तिच्यामागं लेकरूही गेलं.

पोरगी कोंडून मेली, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. धाकटीला मी कोंडू देणार नव्हतो.

अंगणाच्या टोकाला वैरणीची एक सुटी खोली होती. दहा हात लांब, आठ हात रुंद. तिच्यात कडबा, मोडकी तिफण, फुटके रांजण आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाली. ती मी रिकामी केली. नुसती रिकामी केल्यावरच ती दुप्पट दिसायला लागली, आणि माझ्या ध्यानात आलं की लहान खोलीचा खरा वैरी म्हणजे तिच्यात ठेवलेल्या वस्तू.

मग खिडकी. हिंगोलीच्या जुन्या छावणीत एक पडका बंगला मोडत होते, तिथं मी गाडी घेऊन गेलो. भिंती अर्ध्या पडल्या होत्या, पण एक खोली अजून उभी होती. तिच्यात शिरलो तर छातीत वारं भरलं. खोली काही मोठी नव्हती. दारासमोर खिडकी होती, एवढंच. इकडून आलेलं वारं तिकडून जायला वाट होती. एवढी साधी गोष्ट आमच्या सात पिढ्यांना सुचली नाही, याचा मला इतका राग आला की मी तिथंच मजुरांपुढं आजोबा-पणजोबांना शिव्या घातल्या. त्या बंगल्याची एक सागवानी खिडकी, लोखंडी गज असलेली, गाडीत घालून आणली.

वैरणीच्या खोलीचं दार पूर्वेला होतं. मी पश्चिमेची भिंत फोडून बराबर दारासमोर सटवाजीकडून ती खिडकी बसवून घेतली. बाहेर लगेच आमचं पांढरीचं शेत. या खोलीच्या धाब्यालाही सवणं होतं, त्यावर कुशीला भोक पाडलेलं मडकं पालथं बसवलं, म्हणजे पाऊस आत येऊ नये आणि धूर बाहेर जावा. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा दोनदा दिला, खाली वीतभर गेरूचा पट्टा. शालूचं सामान भुईवर पसरू नये म्हणून भिंतीतच तीन कोनाडे कोरले. कपड्यांना खुंट्या ठोकल्या. पाळणा तुळईला टांगला, म्हणजे खाली भुई मोकळी. बाज कुठं ठेवायची यावर मी तीन दिवस घालवले. भिंतीला लावली तर खोली मोठी वाटे, पण वारं पायांवरून जाई. शेवटी खिडकीखालीच उशी येईल अशी लावली. समोरच्या कोनाड्यात पितळेचा तांब्या घासून ठेवला. दुपारी खिडकीतलं ऊन त्यावर पडलं की कवडसा छतावर हलायचा. तान्ह्या लेकराला पाहायला काहीतरी पाहिजे ना!

माझी बायको मंजुळा या सगळ्यात भुई सारवण्यापुरती आली. सारवता सारवता म्हणाली, "बाळंतिनीच्या खोलीला एवढं भगदाड काहून?"

"भगदाड न्हाई, खिडकी हाय."

"वारं येईल."

"यावं म्हनूनच पाडली."

ती पुढं काही बोलली नाही. मी वाद जिंकलो असं मला वाटलं. लग्नाला तीस सालं झाली तरी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लागत नव्हता.

शालू सातव्या महिन्यात आली. खोलीच्या दारात उभी राहिली. मग आत जाऊन खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. पदर उडत होता. "बा, शेतात उभं राहिल्यावानी वाटते," ती म्हणाली. मला भरून आलं. तिला दिसू नये म्हणून मी उगाच खुंटी हलवून पाहिली. ते दोन महिने ती त्याच खिडकीत बसून डाळ निवडायची, कुंच्या शिवायची. मी शेतातून येताना लांबूनच तिचं डोकं दिसायचं. एवढं सुख मला दुसऱ्या कशानं झाल्याचं आठवत नाही.

नात झाली. बाळंतपण सुखरूप पार पडलं. आणि त्याच सकाळी माझी खोली माझी राहिली नाही.

जिवनबाई सुईण आमच्या गावची. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, मीसुद्धा तिच्या सासूच्या हातावर. तिनं आत शिरल्या शिरल्या खिडकी पाहिली आणि मंजुळेला म्हणाली, "हे पह्यले बुजव." मंजुळेनं चार पदरी वाकळ आणून गजांत कोंबली. मडक्याच्या भोकात बोळा गेला. शेगडी आली, ओवा आला, धूर आला. दार लागलं. मी अंगणात उभा राहून ओरडलो, आदळआपट केली, शेवटी विनवण्या केल्या. आतून जिवनबाई म्हणाली, "किसनराव, ह्ये बायांचं काम हाय. तुमी तिकडं बैलं पाहा."

बैलं पाहिली. दुसरं काय करणार होतो? नांगर, गाडी, पाटलाची मर्जी, पटवाऱ्याचा दाखला, सगळं मला जमत होतं. माझ्याच अंगणातल्या दहा हातांच्या खोलीपुढं मात्र माझं काही चालेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीच्या मागच्या अंगाला गेलो. बायका जेवायला बसल्या होत्या. काठी घेऊन बाहेरून वाकळेचा कोपरा जरा आत सारला. वीतभर फट झाली. आतून धुराचा लोट आला आणि मागोमाग शालूचा आवाज. "बा?"

"व्हय. हवा घे."

"लई बरं वाटलं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशीही मी तेच केलं, पाचव्या दिवशीही. बायका यायच्या आत कोपरा पुन्हा ओढून घ्यायचा. पाचव्या दिवशी सटवीची पूजा होती, घरात माणसांची ये-जा, त्या गडबडीत ओढायचा राहिला.

सहाव्या दिवशी शालूला ताप भरला.

अंगावर हात ठेववत नाही इतका, असं मंजुळा बाहेर येऊन म्हणाली. हिंगोलीला दवाखान्यात न्यायचं तर बैलगाडीत दिवसभराचे हादरे. जिवनबाई म्हणाली, वाटेतच जाईल. सटवाजीला औषध आणायला पिटाळलं, तो दुसऱ्या दिवशी तांबड्या औषधाची बाटली घेऊन आला. त्यानं ताप काही उतरला नाही. शालू तापात बडबडायला लागली होती. मधूनच पंचफुलाला हाक मारायची.

जिवनबाई दारात आली. "वारं धरलं. वाकळेचा कोपरा सरकलेला व्हता. कोनं सरकवला ते मी इचारत न्हाई."

मी पेटलो. "वाऱ्यानं काय व्हते? पंचफुलाच्या खोलीला कुठं खिडकी व्हती? ती काहून गेली मंग?"

जिवनबाईनं मान खाली घातली. उत्तर मंजुळेनं दिलं. आवाज न चढवता, माझ्याकडं न पाहता.

"तिच्या खोलीचं दार तुमीच उघडलं व्हतं. सातव्या दिवशी."

तीन सालं ही बाई माझ्या ताटात भाकरी वाढत होती, माझे पाय चेपत होती, आणि तीन सालं तिच्या मनात हे होतं. पोरीला मी मारलं, हे. एका शब्दानं बोलली नव्हती. खिडकीवरून मी तिला कसं उडवून लावलं होतं ते आठवलं आणि मला अंगणात उभं राहवेना.

मला काय खरं ते कळत नव्हतं. आजही कळत नाही. कोंडल्यानं गेली की उघडल्यानं गेली, हे सांगणारं कुणी नव्हतं. दुसरी पोरगी तापात पडलेली, आणि माझ्या म्हणण्यावर तिचा जीव टांगायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

मी कच्च्या विटा आणल्या. मातीचा गारा कालवला. ज्या हातानं भिंत फोडली त्याच हातानं बाहेरून खिडकी बुजवायला घेतली. वाकळ आतून काढली गेली. गजांपलीकडं शालूचा चेहरा दिसत होता, लालबुंद, ओठ सुकलेले. त्या घडीला तिला शुद्ध होती. थर चढत गेला तसा आधी तिचा गळा दिसेनासा झाला, मग ओठ, मग डोळे तेवढे राहिले.

"बा, काहून बुजवून राहिले?"

"तुला बरं वाटावं म्हनून, बाई."

"हाताएवढी तरी राहू द्या."

मंजुळा माझ्या मागं नातीला पदराखाली घेऊन उभी होती. मी शेवटची वीट ठेवली. वरून चिखल थापला आणि हातानं सारखा केला. काम मात्र बेस झालं. माझं कुठलंच काम वाईट होत नाही.

त्यानंतर मी रोज त्या भिंतीपाशी बाहेर जाऊन बसायचो. हात लावायचो नाही, नुसता बसायचो. दोन दिवसांत खालच्या थराशी, विटांच्या सांध्यात बोटाएवढं एक भोक दिसलं. कुंभारमाशीनं घर केलं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. कशातच लक्ष नव्हतं.

नवव्या दिवशी शालूचा ताप उतरला. घाम फुटला आणि तिनं पेज मागितली. मंजुळा अंगणात येऊन तुळशीपुढं डोकं टेकून रडली. जिवनबाई गावभर सांगत फिरली की खिडकी बुजवली म्हणून पोरगी हाती लागली. सटवाजीनं खिडकी बसवल्याचं बोलणं सोडून दिलं. मीही हो म्हणून मान हलवायचो.

तीन महिन्यांनी जावई न्यायला आले. निघताना शालू पाया पडली आणि हळूच म्हणाली, "बा, माह्या उशाकडची भिंत तुमीच पोतारा. मायला लावू नका."

गाडी वेशीपार झाल्यावर मी खोलीत गेलो. पांढऱ्या भिंती धुरानं काळवंडल्या होत्या. तांब्या कोनाड्यातच होता, त्यावर काजळी. पाळण्याची दोरी रिकामी लोंबत होती. मी बाज ओढली. उशाकडं, बुजवलेल्या खिडकीच्या खालच्या सांध्यात एक भोक होतं, आरपार. कडेला पळीच्या दांड्याच्या खुणा. गारा ओला असतानाच, तापात, तिनं ते कोरलं होतं. आतल्या बाजूला चिंधीचा बोळा होता. कुणी आलं की लावायचा आणि गेलं की काढायचा, म्हणून गुळगुळीत झालेला. मी बोळा काढला. बारीक, गार वारं आलं.

मी भुईवर बसलो आणि तोंडात पंचा कोंबून रडलो. माझी पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली होती.

तेवढ्यात मंजुळा शेणाची पाटी घेऊन आत आली. मी झटकन उठून भिंतीला पाठ लावली. ती काळ्या भिंती पाहत म्हणाली, "पुन्ना पोतारू. चांगली खोली केलती तुमी." मग पाटी खाली ठेवली. जवळ येऊन, आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी, तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"तुमी आपल्या हातानं बुजवली म्हनून पोरगी वाचली. पंचफुलाचं मी मनातून काढलं आता. तुमी बी काढा."

बाजूला सरकलो असतो तर तिला भोक दिसलं असतं. पंचफुला माझ्यामुळं गेली नाही, हे मला सांगता आलं असतं. पण मग ती कुणामुळं गेली? पंचफुलाच्या खोलीच्या सवण्यावरचा तो दगड मंजुळेनं आपल्या हातानं ठेवला होता. तिनं मला तीन सालं सोसलं होतं. तिला उरलेलं आयुष्य स्वतःला सोसायला मी कसं लावणार?

माझ्या सदऱ्यातून पाठीला वारं लागत होतं.

"व्हय," मी म्हणालो. "बुजवली म्हनूनच वाचली."